जागा दिसते, पण सर्किट बनत नाही

प्रश्न : आमच्या एसटीएम-1 रिंगवर 20 ई-1 चालू आहेत. 63 पैकी 43 व्हीसी-12 रिकामे असूनही दोन व्हीसी-3 जोडून इथरनेट सर्किट बनवताना एनएमएस ‘क्षमता नाही’ म्हणतं. कार्ड बिघडलं असेल का?

उत्तर : कार्डला हात लावू नका. रिकामी जागा किती यापेक्षा ती कुठे आहे, हे बघा. एसटीएम-1 मध्ये तीन टीयूजी-3 असतात. प्रत्येकात एकवीस व्हीसी-12 किंवा एकच व्हीसी-3. बसमध्ये एकेक प्रवासी खिडकी धरून बसला की तिघांचं कुटुंब उभंच राहतं, तसं एक ई-1सुद्धा अख्खा टीयूजी-3 अडवतो. तुमचे ई-1 बहुधा तिन्हींत विखुरलेत. विसाच्या वीस एकात मावतात. रात्रीची वेळ मागून घ्या आणि क्रॉस-कनेक्ट हलवा, रिंगच्या प्रत्येक टप्प्यावर. एसएनसीपी असेल तर संरक्षणाचा मार्गही तपासा. तो हमखास विसरला जातो.

ई-1 हलवायचे नसतील, तर 43 व्हीसी-12 जोडून 93.5 एमबीपीएस मिळतील. व्हीसी-3 च्या जोडीतही 96.7 च मिळतात. ग्राहकाला 100 चा शब्द देऊ नका. छोट्या फ्रेमच्या चाचणीत सगळं सुरळीत दिसेल, 1518 बाइटच्या फ्रेम पूर्ण वेगाने सोडल्या की गळती सुरू.