किल्लारीचा भूकंप व "कां?" हा प्रश्न

मनुष्यावर मोठें संकट आलें म्हणजे त्याच्या मुखांतून "हें कां झालें?" असाच पहिला उद्गार निघतो. हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर ह्या गांवांवर तो ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं येऊन कोसळला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून लोक निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूमि हादरली, आणि त्या भागांतील सुमारें ८,००० ते १०,००० माणसें मृत्यु पावलीं.

अशा वेळीं "कोणाच्या पापाचें हें फळ?" असें कोणी तरी म्हणतोच. ह्याविषयीं आपल्या देशांत एकदां थोरामोठ्यांचा वाद झाला आहे. ता. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भूकंप झाला, तेव्हां ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा होय, असें महात्मा गांधींनीं म्हटलें. रवींद्रनाथ ठाकूर हेही अस्पृश्यतेचे विरोधीच. तरी सृष्टींतील घटनेचें कारण सृष्टींतच शोधावें, असा त्यांनीं जाहीर आक्षेप घेतला. गांधींनीं तो आपल्या 'हरिजन' पत्रांत छापला, हें त्यांस शोभलें. परंतु आमच्या मतें ठाकुरांचेंच म्हणणें खरें. ज्यानें अन्याय केला व ज्यानें तो सोसला, ते दोघेही एकाच भिंतीखालीं सांपडले, तर शिक्षा झाली ती कोणाला? लूकच्या १३ व्या अध्यायांत शिलोहांतील बुरुजाखालीं मेलेल्या १८ जणांविषयीं हाच प्रश्न आला आहे, तो येथें वाचावा.

"कां?" ह्या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, दोष कोणाचा? दुसरा, हें कशानें घडलें? दुसऱ्याचें उत्तर किल्लारीच्या ढिगाऱ्यांतच होतें. नांदेड-लातूरकडील जुन्या माळवदी घराच्या भिंती दोन फूट व त्याहूनही जाड. पण दगड चिखलांत बसविलेले, आणि आंतली व बाहेरची बाजू एकमेकींत न गुंफलेली. वर लाकूड व त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत असें घर गार राहतें, म्हणून तर तें बांधीत. धक्का बसतांच भिंतीचे दोन पदर सुटले व सर्व भार निजलेल्यांवर आला. उलट, गवतानें शाकारलेल्या हलक्या झोपड्यांतील लोक पुष्कळ वांचले. वाडेकरी गेला आणि झोपडींतला राहिला. पापपुण्याचा हिशेब येथें कसा जुळवावा?

१७५५ सालीं पोर्तुगालांतील लिस्बन शहर सणाच्या दिवशींच भूकंपानें पडलें, तेव्हां रूसो ह्या तत्त्ववेत्त्यानें व्हॉल्तेर ह्यास लिहिलेल्या पत्रांत हेंच सुचविलें: तीं उंच व दाट घरें सृष्टीनें बांधलीं नव्हतीं.

मात्र ज्या आईचें मूल गेलें, तिचा "माझेंच कां?" हा प्रश्न एवढ्यानें मिटत नाहीं. भिंतीचें शास्त्र तेथें अपुरें पडतें. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ भुईवर मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांचें ठीक होतें. बोलूं लागले आणि चुकले.

पुढील बैठकीस येतांना प्रत्येकानें आपल्या गांवांतील जुन्या माळवदांवर मातीचा थर किती वीत आहे, ह्याची चौकशी करून यावें.