दुष्ट कोण? : आरे वसाहतीच्या उदाहरणाने दोषविचार

‘दुष्ट’ हा शब्द लोकव्यवहारात फार सैलपणे वापरला जातो. डंख मारणारा विंचू दुष्ट, वाटा न देणारा भाऊ दुष्ट, पाऊस न पडला तर काळही दुष्ट. शब्द एक, पण त्याचे लक्षण बोलणाऱ्यागणिक बदलते. साधकाला दोषाचा त्याग विहित आहे. ज्याचे लक्षणच निश्चित नाही त्याचा त्याग तरी कसा घडावा? म्हणून दोष म्हणजे काय आणि तो राहतो कोठे, हा विचार आधी केला पाहिजे.

हा विचार नुसत्या शब्दांत राहू नये म्हणून एका स्थळाचे उदाहरण घेऊ. मुंबईतील तबेले शहराबाहेर नेऊन दुधाची व्यवस्था लावावी या हेतूने १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेस आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. सुमारे ३,१६० एकरांचा हा प्रदेश संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. म्हशींचे गोठे, गवताची कुरणे, वारली, कोकणा आदी आदिवासींचे पाडे, नव्याने वाढलेल्या वस्त्या आणि रानात वावरणारे बिबटे, हे सर्व तेथे एकमेकांच्या शेजारी आहे. एवढ्याशा जागेत माणसाने ‘वाईट’ या शब्दाची निरनिराळी लक्षणे केली. ती एकेक तपासून पाहावी.

लोकांनी केलेली लक्षणे

पहिले लक्षण असे की, ज्यापासून आपल्याला दुःख होते ते वाईट. २०२१ च्या सप्टेंबरात आरे वसाहतीत बिबट्याने माणसांवर एकामागून एक हल्ले केले. २०२२ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, अवघ्या सोळा महिन्यांची एक बालिका बिबट्याच्या हल्ल्यात प्राणास मुकली. ज्या घरात पणत्या लावायच्या तेथे असा अंधार झाला, त्या घराने बिबट्याला दुष्ट म्हटले तर त्यात नवल नाही. परंतु लक्षण म्हणून हे टिकत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यापासूनही दुःख होते. त्याला दुष्ट म्हणता येत नाही. ही झाली अतिव्याप्ती. उलट, जिभेला गोड लागणारे व्यसन सुख देत देत नाश करते. ते या लक्षणात येतच नाही. ही झाली अव्याप्ती. शिवाय बिबट्याला वाचा असती तर त्याने रान तोडून वस्ती करणाऱ्याला दुष्ट म्हटले असते. दोन्ही पक्ष एकाच लक्षणाने एकमेकांना दुष्ट ठरवू लागले तर निर्णय होणार कसा?

दुसरे लक्षण असे की, राजशासन ज्याचा निषेध करील ते वाईट आणि ज्याला अनुमती देईल ते निर्दोष. मेट्रो रेल्वेच्या गाड्यांच्या आगारासाठी आरे वसाहतीतील झाडे तोडण्याचा प्रश्न न्यायालयात गेला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धचे अर्ज फेटाळले आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली. तोवर २,१४१ झाडे पडली होती. पुढे त्याच न्यायालयाने आणखी काही झाडांस अनुमती दिली, आणि २०२४ पासून त्या मार्गावर गाड्या धावू लागल्या. एकच कृती शुक्रवारी अनुज्ञात आणि सोमवारी निषिद्ध. राज्याचा कारभार चालण्यास असा निवाडा लागतो, आणि तो मानला पाहिजे, यात शंका नाही. परंतु पडलेल्या झाडाचे पडणे तारखेप्रमाणे बदलत नाही. शासनाचा निर्णय व्यवहाराचा निर्णय आहे. तो दोषाचे लक्षण नव्हे.

तिसरे लक्षण असे की, समाज परंपरेने ज्याला वाईट म्हणत आला ते वाईट. पण कोणता समाज? जो बिबट्या नव्या वस्तीला काळ वाटतो, तोच पाड्यावरच्या वारल्याला वाघोबा आहे. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी अभ्यासकांनी नोंदविली आहेत. वाघबारसेला त्याची पूजा होते. एकाच प्राण्याला एकाने दुष्ट म्हणावे व दुसऱ्याने देव म्हणावे, यावरून समाजाची समजूत हेही लक्षण होऊ शकत नाही, हे उघड आहे. देवतेच्या उपासनेने जीवाचा मोक्ष होत नाही, हा आपला सिद्धांत अढळ आहे. तरीही एवढे ध्यानी घ्यावे की, ज्याच्या जबड्याचे भय पिढ्यान्‌पिढ्या वाहिले त्याला या रानवासीयांनी वैरी म्हटले नाही.

शास्त्रदृष्टी

आता शास्त्राकडे वळावे. सर्वज्ञांनी जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चारच पदार्थ निरूपिले. ‘दुष्टता’ नावाचा पाचवा पदार्थ त्यांत नाही. परमेश्वराशी झुंजणारी, स्वतःच्या बळावर उभी असलेली एखादी दुष्ट सत्ता काही परधर्मीय मानतात. तिला येथे जागा नाही. मग दोष कोठे राहतो? तो जीवाच्या ठायी अनादी अविद्येमुळे आणि जीवाच्या कृतीतून प्रकटतो. त्याची तीन दारे परंपरेने सांगितली आहेत : विकार, विकल्प आणि हिंसा. काम-क्रोधादी उसळतात तो विकार. कुतर्काने व किंतूने बुद्धी फाटते तो विकल्प. आणि जीवाला दुःख दिले जाते ती हिंसा.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त, आणि जीव मात्र बद्धमुक्त म्हटला आहे. बद्धमुक्त म्हणजे जो आज बद्ध आहे, परंतु सुटण्यास योग्य आहे. ज्याच्या लक्षणातच सुटका आहे त्याच्यावर ‘दुष्ट’ असा कायमचा शिक्का मारणे शास्त्राला धरून होत नाही. कृती दुष्ट म्हणावी. जीव दुष्ट म्हणू नये. हाच या विचाराचा गाभा आहे.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांना ठाऊक आहे. पारध्यांनी हाकलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरला. मागोमाग पारधी आले. त्या सशावर पैज लागलेली होती. त्यांनी तो मागितला. शरण आलेल्याला मरण नाही, या भावाने स्वामींनी ससा दिला नाही. हा प्रसंग पुष्कळदा केवळ सशाच्या रक्षणाचा म्हणून सांगितला जातो. परंतु त्याचा दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे. स्वामींनी पारध्यांना शाप दिला नाही, दुष्ट म्हणून हाकलले नाही. त्यांच्याशी बोलले, त्यांना हिंसेचा दोष समजावून दिला, आणि पारधी ती हत्या टाकून गेले. हिंसा अडविली, पण हिंसा करणाऱ्याला टाकले नाही. एका मांडीखाली ससा वाचला आणि समोर पारधीही वाचले.

शंका-समाधान

शंका : बिबट्या दुष्ट नव्हे असे म्हटल्याने, ज्या मातेचे लेकरू गेले तिच्या दुःखाचा अवमान होत नाही काय?

समाधान : होत नाही. दुःख आणि दोष हे भिन्न आहेत. मातेचे दुःख पूर्ण खरे आहे. ते खरे ठरण्यासाठी बिबट्याच्या ठायी दुष्ट बुद्धी मानण्याची आवश्यकता नाही. पशूला विधिनिषेधाचे ज्ञान नाही. त्याचा अधिकार मनुष्यदेहाला आहे. बालकाचे रक्षण करणे, पिंजरा लावून त्या पशूला दूर नेणे, यात बाध नाही. परंतु एका बिबट्याच्या कृतीसाठी सगळी जात वैरी मानून सूड घ्यावा, असे मनात आले की दोष रानातून निघून आपल्या अंतःकरणात येतो. वनविभागाचे लोकही अंगावरचे ठिपके ताडून कोणता बिबट्या ते ओळखू पाहतात. जेथे पशूविषयी इतका विवेक होतो, तेथे माणसाविषयी एकाच्या अपराधासाठी सगळा समाज वाईट कसा म्हणावा?

शंका : झाडात जीव आहे, तर रेल्वेही लाखो माणसांच्या सोयीची आहे. मग तोड करणारे दुष्ट की अडविणारे?

समाधान : प्रश्नच चुकीच्या दाराने आला. ‘कोण दुष्ट’ असे विचारले की दोन तट पडतात आणि दोन्ही तटांना क्रोध हा विकार जडतो. ‘येथे हिंसा किती, आणि ती टाळता येईल काय’ असे विचारावे. उद्भिज हीही जीवाची खाणी आहे. म्हणून सोय मोठी असली तरी हिंसा नाहीशी होत नाही, ती फक्त हिशेबात घेतली जाते. जो हिंसेला हिंसा म्हणून करतो तो पुढे कधी तरी कमी करील. जो तिला विकास म्हणून विसरतो तो वाढवीतच जाईल.

आचारबोध

यावरून भिक्षूंनी व वासनिकांनी तीन गोष्टी धराव्यात. पहिली, कोणत्याही जीवाविषयी ‘हा दुष्ट’ असे उच्चारण्यापूर्वी त्याची कृती वेगळी काढून तेवढीच नाव घेऊन सांगावी. दुसरी, आपल्या हातून घडणारी न दिसणारी हिंसा पाहावी. वस्तीच्या कडेला उघडा टाकलेला कचरा कुत्र्यांना बोलावतो, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आपला उकिरडा झाकणे हेही अहिंसेचेच अंग आहे. तिसरी, जेथे हिंसा अडवावी लागेल तेथे अवश्य अडवावी, पण समोरच्या पारध्याशी बोलणे सोडू नये.

आपल्या मार्गात देशाच्या शेवटी, झाडातळी जन्म क्षेपण्याची आज्ञा आहे. ज्याला झाडाखाली बसायचे आहे त्याला झाडावर सावली धरणारे पान, फांदीवरचा पक्षी आणि रात्री त्याच वाटेने जाणारे श्वापद हे सगळे शेजारी आहेत. शेजाऱ्यांत दुष्ट शोधीत बसणाऱ्याला त्या झाडाखाली नामस्मरण घडणार नाही.

दंडवत प्रणाम.