खेळातलं भेव

मी मूळचा अमरावतीचा, नोकरीमुळे अकोल्यात आलो. व्हिडिओ गेम खेळताना जीव कसा घाबरा होतो, हे कॉलेजच्या दिवसांपासून ठाऊक आहे. आता माझा भाचा त्याच वाटेवर आहे. घरातली मोठी माणसं त्याला म्हणतात, "खेळच तं हाय, त्यात काय भ्याचं?" या वाक्याने कोणाचं भेव गेलेलं मी अजून पाहिलं नाही. ज्याने ते आटोक्यात आलं, तेवढंच इथे सांगतो.

१. भीती खरी आहे, हे आधी मान्य करा.

समोर पडदा आहे हे आपल्याला कळतं, शरीराला ते जरा उशिरा कळतं. अंधारातून काही अंगावर आलं की छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो, श्वास अडकतो. 'हे नुसतं चित्र आहे' हा विचार मागाहून पोचतो. त्यामुळे घाबरलेल्या पोराला भित्रा म्हणू नये. हळूहळू लांब श्वास सोडायला सांगावं. त्याने खरंच फरक पडतो.

२. हे भेव कशापासून घडवलंय ते शोधा.

आमच्या वेळी अमरावतीत गाडगेनगरच्या खोल्यांमधली पोरं सायबर कॅफेत जाऊन 'आयजीआय' खेळायची. २००० साली आलेल्या त्या खेळात मिशनच्या मध्येच सेव्ह करायची सोय नव्हती. टॉवरवरच्या स्नायपरला चुकवत, कॅमेऱ्यांची नजर टाळत कितीतरी वेळ पुढे सरकायचं. एवढ्यात सायरन वाजला की शिपाई येतच राहायचे. मेलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यात तो भारनियमनाचा काळ. मिशन संपत आलं की अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं, लाईट आता जाते की मग जाते. सायरन ऐकला की माझे हात गार पडायचे. पुढे लक्षात आलं, धास्ती गोळीची नव्हतीच, केलेलं सगळं पाण्यात जाण्याची होती.

१९९६ च्या 'रेझिडेंट इव्हिल'ने हेच हत्यार केलं. त्यात सेव्ह करायचं तर टाइपरायटर गाठायचा, शिवाय शाईची रिबन लागणार, आणि रिबनी मोजक्याच. गोळ्याही मोजक्या. प्रेतं चालत येतात म्हणून माणूस घाबरतो, पण खिशात काय उरलंय या हिशेबाने तो जास्त घाबरतो. २०१० चा 'अॅम्नेशिया' तर हातात शस्त्रच देत नाही, पळा नाहीतर लपा. कोणता खेळ आपल्याकडून काय हिरावून घेतोय हे एकदा दिसलं की तोच प्रसंग पुढच्या वेळी तितका अंगावर येत नाही.

३. आधी आवाज कमी करा.

भाचा मोबाइलवर 'ग्रॅनी' खेळतो. २०१७ पासून लहान पोरांमध्ये हा खेळ फार चालला. कुलपं लावलेलं घर, सुटायला पाच दिवस आणि घरात फिरणारी म्हातारी. एखादी वस्तू जमिनीवर पडली, फळी करकरली, की ती तिथे हजर. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पार जातो, तेव्हा दुपारी दारं-खिडक्या लावून हा कूलरसमोर बसतो. कूलरच्या घरघरीत म्हातारीची चाहूल लागत नाही म्हणून दोन्ही कानांत इअरफोन. एकदा मी बाजूला बसून पाहत होतो. खेळात तो पलंगाखाली लपलेला, इथे पायाची बोटं आत वळलेली, अंगठे काचेवर ताठ. मी काही विचारायला गेलो तर कुजबुजला, "मामा, बोलू नोको, तिले आयकू येते."

मी त्याच्या एका कानातला इअरफोन काढला. कूलरची घरघर आत शिरली आणि त्याचे खांदे सैल पडले. खेळ त्याने चालूच ठेवला. दोन्ही कान बंद केले की आपली खोली, आपलं घर सगळं नाहीसं होतं आणि माणूस त्या म्हातारीच्या घरात एकटा उरतो. एक कान घरात असू द्यावा.

४. माणसांचं भेव भुतांच्या भेवापेक्षा वाईट.

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय आला. खेळ तोच आहे, शंभर जण उतरतात आणि वर्तुळ आवळत जातं. पोरं म्हणतात, शेवटच्या वर्तुळात हात थरथरतात. पण जरा खोदून विचारलं की वेगळंच निघतं. स्क्वाडमधले तिघे मेलेले असतात, ते याचाच खेळ बघत असतात आणि माइकवर ओरडत असतात. नेम चुकला तर शिव्या, वर रँक घसरणार. हे चारचौघांत फजिती होण्याचं भेव आहे, आणि ते मोबाइल ठेवल्यावरही उतरत नाही. पोरगं जेवताना गप्प असतं ते यामुळे.

यावर इलाज सरळ आहे. अनोळखी माणसांचा माइक म्यूट करा. ओळखीच्या, शिव्या न देणाऱ्या मित्रांसोबतच उतरा. मन धास्तावलेलं असेल त्या दिवशी रँकचा सामना नको. त्याच खेळातला टीडीएम, म्हणजे टीम डेथमॅच खेळा, तिथे मेलं तरी लगेच उभं राहता येतं. आणि पालकांनी "किती वेळ खेळला?" याआधी "कोणासोबत खेळला?" हे विचारावं.

५. सोपी पातळी घ्यायला लाजू नका.

'ग्रॅनी'त सरावाची पातळी आहे, तिथे म्हातारीच नसते. घर आधी बघून घ्यावं. 'ग्राउंडेड' नावाच्या खेळात कोळ्यांना भिणाऱ्यांसाठी खास सेटिंग दिलंय. ते वाढवत नेलं की कोळ्याचे पाय कमी होत जातात आणि शेवटी नुसता गोळा उरतो. बनवणाऱ्यांनी स्वतः ही सोय ठेवलीय, तर ती वापरण्यात कमीपणा कसला?

६. झोपायच्या आधी घाबरवणारा खेळ नको.

७. खेळ बंद केल्यावरही भेव राहिलं तर दुसऱ्या माणसाची मदत घ्या.

दिवसाही धडधड होतेय, झोप उडालीय, एकट्याने न्हाणीघरात जायला पोर तयार नाही, असं बरेच दिवस चाललं तर ते खेळापुरतं राहिलेलं नाही. मोबाइल हिसकावून ते जात नाही. डॉक्टरांकडे न्यावं. लगेच जमत नसेल तर सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येतं.