बालवाडीत चित्रकारांची ओळख : आधी कृती, मग नाव

बालवाड्यांच्या भिंतींवर टांगलेली चित्रे एकदा बारकाईने पाहावीत. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर एक झोपडी. पंचवीस मुलांची पंचवीस चित्रे, पण डोंगर मात्र बाईंचेच असतात. छापील बदकात रेघेबाहेर न जाता रंग भरणे, ही त्याचीच दुसरी तऱ्हा. यातून मूल एवढेच शिकते की चित्र दुसऱ्या कोणाचे तरी असते, आपण ते केवळ भरायचे असते. अशा मुलाकडून पुढे थोर चित्रकारांची नावे पाठ करून घेतली, तर त्या नावांचेही बदकच होते.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना चित्रकारांची ओळख करून द्यावी, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. प्रश्न आहे तो रीतीचा. चित्रकाराने जे साहित्य हाती घेतले ते मुलाच्या हाती द्यावे, त्याचा हात जसा चालला तसा मुलाचा हात थोडा वेळ चालू द्यावा. नाव आणि मूळ चित्र मागाहून दाखवावे. चित्र आधी दाखवले की नक्कल सुरू होते. महागडे रंग नाहीत, ही सबब आपल्याला शोभणारी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम आरंभिले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते वाढविले, तेव्हा परिसरातील बिया, पाने, खडे हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते.

कोसबाड ज्या डहाणू तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्यापासून आम्ही प्रारंभ करतो. वारली समाजात लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत. म्हसे यांनी ही चित्रकला विधीच्या चौकटीबाहेर आणून नित्याची केली, कागदावर उतरविली आणि देशोदेशी पोहोचविली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांचे साहित्य आपल्या हाताशीच आहे. जुन्या पुठ्ठ्यावर पाण्यात कालवलेल्या गेरूचा हात द्यावा. तांदळाची पिठी बारीक वाटून, किंचित डिंक घालून पांढरा रंग करावा. वारली चित्रकार बांबूची काडी चावून तिची कुंचली करतात. आमची मुले कडुनिंबाच्या काडीचे टोक ठेचतात. दातवणामुळे ही विद्या त्यांना घरूनच अवगत असते. तीन वर्षांच्या मुलाला त्रिकोणाची सक्ती करू नये, बोटाचे ठिपके पुरेत. मोठ्यांना दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा करता येतो. त्याआधी सर्वांनी हात धरून अंगणात फेर धरावा, म्हणजे कागदावरचा फेर आपोआप वळतो.

मात्र तारपा नृत्य आमच्या मुलांनी पाहिलेले नाही, आणि ते काढण्याचा आग्रहही नसावा. पाथर्डी-शेवगाव भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांची मुले गेरूच्या पुठ्ठ्यावर बैलगाडी, मोळ्या आणि कोप्यांची रांग काढतात. एरवी कोपीचे नाव काढताच ओशाळणारे मूल तिची एकेक पाचट लक्षपूर्वक काढीत बसते, तेव्हा पाठ कुठवर पोहोचला हे निराळे तपासावे लागत नाही.

म्हसे यांच्या बालपणाची एक हकिकत आहे. आई गेल्यावर ते कित्येक वर्षे बोलत नव्हते. मातीत बोटाने चित्रे काढीत. वसतिगृहाच्या छायेत वाढणाऱ्या मुलांना ही हकिकत सांगावी काय? आम्ही सांगतो, पण घाईने नाही. आणि सांगितल्यावर प्रश्न विचारीत नाही.

अजिंठ्याचा पाठ अधिक चिखलाचा, म्हणून अधिक प्रिय. पाचव्या शतकातील त्या कारागिरांनी खडबडीत दगडावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा दिला, वर पातळ पांढरा थर देऊन चित्रे रंगविली. तांबडा आणि पिवळा रंग मातीचा, हिरवा दगडाचा, काळा काजळीचा. निळा राजावर्त तेवढा अफगाणिस्तानाकडून आलेला. आमची मुले फुटक्या कौलावर माती थापतात. त्यासाठी भाताचा तूस आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात मिळतो. न मिळाल्यास गव्हाचा भुसा चालतो. चुना मुलांच्या हाती मुळीच देऊ नये, खडूची पूड घ्यावी. कौल सावलीत वाळवावे, नाहीतर भेगा पडतात. मग गेरू, विटेचा चुरा, कोळसा पाट्यावर वाटून हत्ती काढायचा. सतराव्या लेण्यातील षड्दंत जातकाचे हत्ती त्यानंतर दाखवायचे. “हे कोणी काढले?” असे मूल विचारतेच. त्या हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, हे खरे उत्तर द्यावे. म्हणूनच आमच्या बालवाडीत प्रत्येक कौलामागे मुलाचे नाव लिहिले जाते.

नागपूरला १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत ना माणूस ना झाड. ते रोलर आणि सुरीने रंग पसरवीत, फाडलेल्या कागदांनी रंगाचे ठसे उमटवीत. मोठ्यांना ते अवघड वाटतात; चार वर्षांच्या मुलाला वाटत नाहीत. रद्दीचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलण्यात एक तास सहज जातो.

“याने काहीच काढले नाही” ही पालकांची तक्रार बहुधा याच पाठानंतर येते. दुसरी तक्रार उपयोगाची. इंटरमीजिएट ग्रेड परीक्षेचे वाढीव गुण दहावीला मिळतात, हे आम्हीही जाणतो. पण ती गोष्ट दहा वर्षांनंतरची. आज पालकांकडे एवढेच मागणे आहे की, कौल घरी आल्यावर “हे काय आहे?” असे न विचारता “हे कसे केलेस?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मूल गप्प होते. दुसऱ्यावर ते माती कुठून आणली इथपासून सांगू लागते. दिवाळीच्या सुटीत घरातील पडवीची एक भिंत, मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीपर्यंत, त्याच्यासाठी मोकळी ठेवावी. गेरू आम्ही पुडीत बांधून देऊ.