शेअरची मोठी ऑर्डर पुरी कशी होते?



बँकेच्या काउंटरवर बसताना मला अनेक प्रश्न विचारले जातात. घाटकोपरचे एक निवृत्त गृहस्थ मुलीच्या फीसाठी आपले शेअर विकून आले आणि म्हणाले, "पडद्यावर शंभर रुपये भाव होता, मला सत्त्याण्णवच मिळाले. दलालाने फसवले का?" फसवणूक झाली नव्हती, पण नुकसान खरे होते. त्याचे कारण आपण समजून घेऊ.

पूर्वी दलाल स्ट्रीटवर रिंगणात ओरडून, हातवारे करून सौदे होत. राष्ट्रीय शेअर बाजारात नोव्हेंबर १९९४ पासून आणि मुंबई शेअर बाजारात मार्च १९९५ पासून संगणकावर सौदे होऊ लागले. संगणकाचा नियम साधा आहे. आधी चांगला भाव, आणि भाव सारखा असेल तर जो आधी आला तो. म्हणजे रेशनच्या रांगेसारखेच, मात्र प्रत्येक भावाची रांग वेगळी.

पडद्यावर दिसणारा भाव हा शेवटच्या सौद्याचा असतो. त्या भावाला तुमचे सगळे शेअर कोणी घेईलच असे नाही. समजा तुम्हाला २,००० शेअर विकायचे आहेत आणि खरेदीदारांची रांग अशी आहे :

१०० रुपयांना ३०० शेअर
९९ रुपयांना ५०० शेअर
९६ रुपयांना १,२०० शेअर

तुम्ही 'मार्केट ऑर्डर' दिली, म्हणजे मिळेल त्या भावाने विका असे सांगितले, तर संगणक तिन्ही पायऱ्या उतरतो. हाती येतात १,९४,७०० रुपये, म्हणजे सरासरी ९७.३५. शंभरच्या हिशोबाने ५,३०० रुपये कमी! ज्या शेअरची उलाढाल थोडी, तिथे या पायऱ्या अधिक खोल असतात. मोठ्या कंपनीच्या शेअरमध्ये २,००० नग सहसा सहज खपतात.

यावर उपाय 'लिमिट ऑर्डर'. ९९ च्या खाली विकू नका असे सांगितले तर ८०० शेअर विकले जातील. उरलेले १,२०० रांगेत थांबतील, आणि गिऱ्हाईक न मिळाल्यास दिवसअखेर ती ऑर्डर रद्द होईल. भाव सांभाळला जातो, पण विक्री पुरी होण्याची हमी नसते. पैशांची तारीख ठरलेली असेल, तर आठवडाभर आधीपासून थोडे थोडे विकावे. मात्र दर दिवशीच्या विक्रीवर डिमॅट खात्याचा आकार वेगळा पडतो, हेही धरून चालावे.

शेवटी, दलालाकडून येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट जपून ठेवा. एकाच ऑर्डरचे तुकडे वेगवेगळ्या भावाने झाले असतील तर तेही तिच्यात कळते. शंका आल्यास सौदा क्रमांक शेअर बाजाराच्या नोंदीशी ताडून पाहता येतो.

त्या गृहस्थांनी नोट आणून दाखवली, तेव्हा आम्ही मिळून बेरीज केली. हिशोब बरोबर होता. प्रश्न मात्र विक्रीनंतर विचारला गेला. तो आधी विचारावा, एवढीच विनंती.