बोनस घे, पण आधी व्याज मोज

पोरी, तुझ्या टपालपेटीत आता बँकांची रंगीत पाकिटं पडायला लागली असतील. ‘बचत खातं उघडा, 300 डॉलर मिळवा.’ ही फसवणूक नसते, हे आधी सांगते. अमेरिकन बँकांची ही जुनी रीत आहे. 1986पर्यंत इथे बचत खात्याच्या व्याजावर सरकारी कमाल मर्यादा होती. जास्त व्याज देऊन ग्राहक ओढता येत नसे, म्हणून खातं उघडणाऱ्याला टोस्टर नाहीतर भांडी द्यायचे. आता रोख देतात.

पाकीट हातात आलं की पहिल्यांदा कागद-पेन घे. समजा अट आहे, 15,000 डॉलर 90 दिवस ठेवा, मग 300 मिळतील. तुझे ते पैसे आत्ता कुठे आहेत? एखाद्या ऑनलाइन बँकेत 4 टक्क्यांनी असतील, तर तेवढ्या दिवसांत त्यांचे तिथेच साधारण 148 डॉलर झाले असते. गल्लोगल्ली शाखा असलेल्या मोठ्या बँकांच्या साध्या बचत खात्यावर बऱ्याचदा 0.01 टक्का व्याज असतं, म्हणजे 90 दिवसांचे 37 सेंट. तेव्हा तुझी खरी कमाई साधारण 152 डॉलर. तीही वाईट नाही, अवश्य घे. पण दुसऱ्या पाकिटात 25,000 ठेवून 200 मिळणार असतील, तर 4 टक्क्यांनी त्या रकमेचं व्याजच 247 होतं. तिथे तू पदरचे 47 डॉलर घालवशील. पैसे पगाराच्या खात्यात बिनव्याजी पडून असतील तर गोष्ट वेगळी. मग दोन्ही पाकिटं फायद्याचीच. हा हिशेब प्रत्येकीचा आपला आपला असतो, मैत्रिणीने घेतला म्हणून आपण घेऊ नये.

दिवस मोजतानाही सावध राहा. पैसे हलवायला काही दिवस जातात, 90 दिवस पुरे झाल्यावर बोनस जमा व्हायला आणखी काही. पैसे शंभर दिवस अडकणार असंच धर.

आता अटींची बारीक अक्षरं. त्यातला ‘नवा पैसा’ म्हणजे त्याच बँकेच्या दुसऱ्या खात्यातून न आलेला पैसा. रक्कम किती दिवसांत भरायची आणि ते दिवस खातं उघडल्यापासून मोजायचे की कूपन नोंदवल्यापासून, ते शोध. दर महिन्याची फी किती आणि ती माफ व्हायला किती शिल्लक लागते, ते बघ. सहा महिन्यांच्या आत खातं बंद केलं तर काही बँका बोनस परत कापून घेतात. त्या बँकेत तुझं आधी खातं असेल तर नव्या ग्राहकाची सवलत मिळेलच असं नाही. ऑफरचं पान त्याच दिवशी पीडीएफ करून ठेव, कारण नंतर ते संकेतस्थळावरून निघून जातं आणि फोनवरच्या माणसाशी वाद घालायला हातात काही उरत नाही.

कराचं बहुतेकजण विसरतात. क्रेडिट कार्डावर खर्च करून मिळालेल्या बोनसला सहसा कर लागत नाही, म्हणून याही बोनसला लागत नसेल असं वाटतं. बँकेचा बोनस मात्र व्याजासारखा धरतात आणि तो 1099-आयएनटी या व्याजाच्या कर-फॉर्मवर येतो. तू 22 टक्क्यांच्या टप्प्यात असशील तर 300मधले 66 फेडरल करात जातील, राज्याचा कर वेगळा. व्याजावरही तसाच कर असतो, त्यामुळे मघाचा हिशेब त्याने उलटत नाही. फक्त सगळे 300 खर्चून मोकळी होऊ नकोस.

बँक एफडीआयसीच्या, म्हणजे ठेवींचा विमा देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, विम्याखाली आहे ना, हे एफडीआयसीच्याच संकेतस्थळावर पाहा. एका बँकेत एकट्याच्या नावावर अडीच लाख डॉलरपर्यंत संरक्षण असतं. फोनमधलं सुंदर अॅप म्हणजे बँक नव्हे. 2024मध्ये सिनॅप्स ही अॅप आणि बँका यांच्यामधली कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्यामार्फत चालणाऱ्या अॅपांवरच्या ग्राहकांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. एफडीआयसीचा विमा बँक बुडाली तर असतो, मधला दलाल बुडाला तर नाही. अशा ठिकाणी 500 डॉलरचा बोनस असला तरी तू जाऊ नकोस, हे मी हट्टाने सांगते.

आणि घरच्या अडीअडचणीचा पैसा यात कधी घालू नकोस. आईबाबा तिकडे, आपण इकडे. रात्री-अपरात्री फोन आला तर सकाळचं विमान पकडावं लागतं. पैसे काढता येतात, फक्त बोनस जातो, हे खरं. पण तिकीट काढताना 300 डॉलरचा विचार मनात येण्याची वेळच येऊ नये. तेवढी रक्कम बाजूला ठेव आणि उरलेल्यावर हा उद्योग कर.

एका वेळी एकच खातं उघड. वहीत खातं उघडल्याची तारीख, पैसे भरल्याची तारीख आणि पैसे काढता येतील ती तारीख लिहून ठेव. खात्याला लाभार्थी म्हणून कुणाचं तरी नाव पहिल्याच दिवशी लाव. नवी खाती उघडताना तेच राहून जातं. बोनस आला की मुद्दल चांगल्या व्याजाच्या खात्यात परत ने, फी लागू नये एवढी शिल्लक ठेव आणि सहा महिने उलटल्यावर शाखेत जाऊन खातं रीतसर बंद कर. फी कापून कापून शिल्लक उणे झाली आणि बँकेने खातं बंद केलं, तर ती नोंद चेक्ससिस्टिम्स या बँक खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे पाच वर्षांपर्यंत राहू शकते, आणि तेवढ्यावरून दुसरी बँक खातं नाकारू शकते. बंद करायच्या दिवशी चालू महिन्याचं व्याज जमा झालंय का ते विचार, आणि खातं शून्यावर बंद झाल्याचं लेखी घेऊन ये.