सहलीच्या बॅगेतील पदार्थविज्ञान



यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा गावापासून समुद्र किती दूर आहे, हे नकाशावर पट्टी ठेवून कधी मोजले आहे का? पश्चिमेला अरबी समुद्र, आग्नेयेला बंगालचा उपसागर. सरळ रेषेत मोजले तरी दोन्ही पाचशे किलोमीटरहून अधिक दूर. निळोण्याचा तलाव आणि बेंबळ्याचे धरण आपल्या परिचयाचे, पण समुद्र बहुतेकांनी पाहिला तो चित्रातच. अशा गावातील आठ-नऊ वर्षांचे मूल दिवाळीच्या सुटीत प्रथमच समुद्रावर, आणि तेही परदेशी, निघाले तर त्याच्या बॅगेत काय भरावे?

घरातले प्रत्येक माणूस आपापल्या परीने उत्तर देईल. आजी स्वेटर घालायला सांगेल, दादा हवेची रबरी चकती मागेल, मूल स्वतः बादली आणि फावडे पुढे करील. आपण मात्र हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यासारखा सोडवू. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिला एकच प्रश्न विचारायचा: तू निसर्गाच्या कोणत्या नियमाला तोंड देण्यासाठी येत आहेस? उत्तर मिळाले तर वस्तू बॅगेत, नाही तर कपाटात.

उदाहरणासाठी आपण मॉरिशस बेट घेऊ. एकोणिसाव्या शतकात कोकणातून अनेक मराठी माणसे उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी तेथे गेली. आजही तेथील शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. पण हे बेट निवडण्याचे आणखी एक कारण आहे. ते नकाशावर पाहा.

ऋतू कोणता? सावलीला विचारा

लोहारा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २०.४ अंशांवर आहे, तर मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई दक्षिणेस सुमारे २०.२ अंशांवर. विषुववृत्त हा आरसा मानला तर मॉरिशस हे जणू आपले प्रतिबिंबच! आरशात डावे-उजवे उलटते, येथे ऋतू उलटतात.

१५ नोव्हेंबरचा दिवस घ्या. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे १८.४ अंशांवर असतो. लोहाऱ्यात माध्यान्हीला तो डोक्यापासून २०.४ अधिक १८.४, म्हणजे ३८.८ अंश कललेला दिसेल. एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे ८० सेंटिमीटर पडेल. पोर्ट लुईमध्ये मात्र हा कल २०.२ उणे १८.४, म्हणजे अवघा १.८ अंश. त्याच काठीची सावली तेथे ३ सेंटिमीटर! आपल्याकडे मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जशी सावली पायाखाली लपते, तशीच ती तेथे नोव्हेंबरात लपते.

म्हणून दिवाळीची थंडी मनात ठेवून बॅग भरू नये. आजीचा स्वेटर विमानातील गारव्यासाठी एक पुरे.

ऊन आणि ऊब या दोन वेगळ्या गोष्टी

आपली यवतमाळची मुले उन्हाला भीत नाहीत. मे महिन्यातील ४४-४५ अंशांचे ऊन सोसलेल्याला समुद्रावरचे ३० अंश म्हणजे काहीच नाही, असे वाटणे साहजिक आहे. येथेच फसगत होते.

आपल्या अंगाला जाणवते ती उष्णता. त्वचा भाजते ती मुख्यतः अतिनील किरणांनी, आणि हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्वचेला गरमही लागत नाहीत. समुद्रावरचा वारा अंगाची उष्णता वाहून नेतो, पण अतिनील किरण तो अडवीत नाही. त्यामुळे मूल ‘मस्त गार वाटते’ म्हणत तासन्‌तास खेळते आणि रात्री खांदे लालबुंद होऊन रडते. पातळ ढगातूनही यांतील बराच भाग खाली येतो. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. म्हणजे छत्रीखाली बसले तरी खालून मारा चालूच. अर्धा मीटर खोल पाण्यातही पृष्ठभागाच्या मानाने सुमारे ४० टक्के किरण पोहोचतात.

साधा नियम लक्षात ठेवा: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन टाळावे. नोव्हेंबरात तेथे सकाळी नऊ ते दुपारी तीन ही वेळ साधारण याच सदरात मोडते.

बॅगेत काय जाईल? रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा. उघड्या भागासाठी सनस्क्रीन. त्याच्या बाटलीवर ३० किंवा ५० असा आकडा असतो. प्रयोगशाळेत जाड थर लावला असता भाजणाऱ्या किरणांचा तिसावा किंवा पन्नासावा भाग आत जातो, असा त्याचा अर्थ. म्हणजे ३० ला सुमारे ३.३ टक्के, ५० ला २ टक्के. फरक थोडा आहे. खरा फरक पडतो तो थर पातळ लावल्याने आणि पुन्हा लावायचे विसरल्याने. दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर, तो पुन्हा लावलाच पाहिजे. काही सनस्क्रीनमधील रसायने प्रवाळांना घातक ठरतात असे आढळल्याने अमेरिकेच्या हवाई राज्यात २०२१ पासून अशा दोन रसायनांच्या सनस्क्रीनची विक्री बंद झाली. मॉरिशसभोवती प्रवाळांची रांग आहे, तेव्हा घेताना वेष्टण वाचावे.

ओला कापूस आणि कुडकुडणारे मूल

आपला जिल्हा कापसाचा. सुती कपड्यासारखे सुख नाही हे खरे, पण पाण्यात खेळताना नाही. कापूस पुष्कळ पाणी धरून ठेवतो; शिवाय पांढरा सुती सदरा भिजला की त्यातून अतिनील किरण अधिक सहज पार होतात.

आता हिशोब करू. भिजलेल्या कपड्यात २०० ग्रॅम पाणी आहे असे समजा. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. २०० ग्रॅमला ४८० किलोज्यूल. २५ किलो वजनाच्या मुलाच्या शरीराचे तापमान १ अंशाने बदलण्यास सुमारे ८७ किलोज्यूल लागतात. म्हणजे सर्व उष्णता शरीरातूनच गेली असती तर तापमान साडेपाच अंशांनी उतरले असते! प्रत्यक्षात बरीचशी उष्णता ऊन आणि हवा पुरवतात, आणि शरीरही उष्णता निर्माण करीत राहते. तरीही ओठ निळे का पडतात, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

तेव्हा पोहण्याचे कपडे लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचे, दोन जोड. आणि पाण्याबाहेर येताच बदलायला कोरडे सुती कपडे. जाड टॉवेलऐवजी पातळ पंचा घ्यावा. तो कमी जागा व्यापतो आणि तासाभरात वाळतो.

कपड्यांचा रंगही विचार करून निवडावा. निळा, हिरवा व पांढरा हे पाण्याचे आणि फेसाचेच रंग. त्या कपड्यांतले मूल लाटांत दिसेनासे होते. भडक नारिंगी किंवा चमकदार गुलाबी रंग दुरून उठून दिसतो.

पायात काय?

१ ग्रॅम पाणी १ अंशाने तापण्यास ४.२ ज्यूल लागतात, १ ग्रॅम कोरड्या वाळूस सुमारे ०.८ ज्यूल. शिवाय वाळूतून उष्णता खाली सहज झिरपत नाही, त्यामुळे वरचा थरच तापत जातो. म्हणून पाणी सुखद असते तेव्हाच वाळू पाय भाजते. काठावर चपला हव्यात. पाण्यात मात्र रबरी तळाचे, पायाला घट्ट बसणारे बूट. कारण प्रवाळांचे तुकडे धारदार असतात, आणि काटेरी समुद्री साळिंदर किंवा दगडासारखा दिसणारा विषारी मासा पायाखाली येऊ शकतो.

विमानातील बाटली

मुंबईहून मॉरिशसला विमानाने सुमारे सहा तास लागतात. उंचावर विमानातील हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश ठेवलेला असतो. बॉईलचा नियम आठवा. अर्ध्या भरलेल्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत ५० मिलिलिटर हवा आहे. दाब पाऊणपट झाला की तिला सुमारे ६७ मिलिलिटर जागा हवी. ही जास्तीची १७ मिलिलिटर हवा तेल किंवा सनस्क्रीनला झाकणातून बाहेर ढकलते. उपाय सोपा: बाटली दाबून हवा काढावी, झाकण घट्ट करावे आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी.

हातातील पिशवीत द्रवाची १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. मोठी बाटली सामानात द्यावी. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातील पिशवीतच. विमान उतरताना कानाच्या पडद्यावर दाब येतो. तेव्हा चघळायला लिमलेटची गोळी जवळ असू द्यावी. तेथे विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, पण बऱ्याच ठिकाणी तीन चौकोनी दांड्यांची पिन लागते, म्हणून जोडणीची पिन घ्यावी. घड्याळ दीड तास मागे करावे. संत्री, बियाणे, रोपे नेऊ नयेत. त्यांच्याबरोबर पिकांचे रोगही प्रवास करतात.

मीठ, तहान आणि तरंगणे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे इतके खारट मूत्र तयार करू शकत नाहीत. म्हणून ते पाणी पोटात गेले तर क्षार बाहेर टाकण्यासाठी शरीराचेच पाणी खर्च होते. पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली आणि जलसंजीवनीच्या चार पुड्या बॅगेत हव्यातच.

‘खाऱ्या पाण्यात माणूस बुडत नाही’ असे कोणी सांगितले तर त्याला आकडे दाखवा. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, गोड्या पाण्याची १. सुमारे २५ लिटर आकारमानाच्या मुलाला समुद्र जास्तीची उचल देतो ती जेमतेम ०.६ किलोची. नुसते डोके पाण्याबाहेर धरायला तीन किलोच्या आसपास उचल लागते! ही उचल पट्ट्यांनी अंगाला बांधलेले, मुलाच्या वजनाचे लाइफ जॅकेट देते. दादाची हवेची चकती देत नाही. ती हातातून निसटते, आणि वारा जमिनीकडून वाहत असेल तर मुलासकट आत जाते. ती कपाटातच राहू द्या.

बॅगेत न मावणारी वस्तू

मुंबईला मोठ्या भरतीच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. मॉरिशसला एक मीटरपेक्षाही कमी. प्रवाळांच्या रांगेमुळे आतले पाणी तळ्यासारखे दिसते. पण लाटा रांगेवरून जे पाणी आत ढकलतात, ते परत जाणारच. ते रांगेतील अरुंद खिंडीतून जाते, आणि वाट अरुंद झाली की प्रवाह वेगवान होतो. दक्षिणेला ग्री-ग्री येथे प्रवाळांची ही भिंत तुटलेली आहे. तेथे पाण्यात उतरणे धोक्याचेच. उघड्या किनाऱ्यावरही दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधली शांत, गडद वाट हीच पुष्कळदा परतीच्या प्रवाहाची असते. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. ऑलिंपिकमधील उत्तम पोहणारा साधारण एवढ्याच वेगाने पोहतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ती वयाने मोठी मुले होती. मग समुद्र प्रथमच पाहणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाची गोष्ट काय?

म्हणून निघण्यापूर्वी घरातच तीन गोष्टी पाठ करून घ्याव्यात. पहिली: कंबरभर पाण्यापुढे जायचे नाही, आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर असल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. दुसरी: प्रवाहाने ओढले तर त्याच्याशी झुंजायचे नाही, उताणे तरंगायचे, एक हात वर करायचा आणि हाक मारायची. पोहता येणाऱ्याने किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर यावे. तिसरी, मोठ्यांसाठी: मूल पाण्यात असताना हातात मोबाईल घ्यायचा नाही. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. श्वास घेतानाच त्याची दमछाक होते. गळ्यात शिट्टी द्यावी, तिचा उंच स्वर लाटांच्या खर्जातून वेगळा ऐकू येतो. पण शिट्टी, जॅकेट, भडक कपडे यांपैकी काहीही त्या हाताची जागा घेऊ शकत नाही. तो हात बॅगेत भरता येत नाही; तो बरोबर न्यावा लागतो.

परतताना शिंपले आणि प्रवाळ यांनी बॅग भरू नका. प्रवाळ ही सजीवांची वस्ती आहे आणि ते नेण्यास कायद्यानेही मनाई आहे.

करून पाहा

१. भर दुपारी एक मीटरची काठी उभी करून सावली मोजा. दर रविवारी नोंद ठेवा. आपल्या गावी सावली नाहीशी होण्याचा दिवस कोणता?

२. सारख्या वजनाचे सुती व कृत्रिम धाग्याचे कापड भिजवून पिळा, दर पंधरा मिनिटांनी तोला आणि आलेख काढा.

३. लोहारा समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे. पातळ प्लॅस्टिकची रिकामी बाटली येथे घट्ट बंद करा आणि मुंबईला जाणाऱ्या कोणाबरोबर पाठवा. तेथे पोहोचल्यावर बाटली फुगलेली दिसेल की चेपलेली? उत्तर आधी वहीत लिहा, मग फोन करून विचारा.